नाकाची साक्ष

आमच्या क्लबात बार उघडायचा ठराव आला, तेव्हा त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता माझं नाक.

थट्टा करत नाही. तनयने छापून आणलेल्या कागदात तसं लिहिलंच होतं. तनय म्हणजे क्लबचा नवा सेक्रेटरी. एका खासगी कंपनीत मॅनेजर, वय चौतीस, दर वाक्यात दोनदा 'सिस्टिम' म्हणणारा. कागदाचा तिसरा परिच्छेद असा होता : 'रेंज ऑफिसर टिकाराम मेश्राम गेली बारा वर्षं प्रत्येक नेमबाजाला गेटवर स्वतः तपासतात. त्यांच्या तपासणीतून दारू प्यालेला एकही माणूस आजवर बंदुकीपर्यंत पोचलेला नाही. या क्लबात दारूमुळे आजवर एकही अपघात झालेला नाही.' आणि खाली माझ्या सहीसाठी टिंबांची ओळ.

माझी सही असल्याशिवाय ठराव मांडायचा नाही, असं कमिटीने ठरवलं होतं. रविवारी अकराला मीटिंग. त्याच्या आत मी सही करायची, नाहीतर का करत नाही ते सांगायचं. एवढंच. आणि या दोन्हींपैकी एकही माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

आमचा क्लब जबलपुरात, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीमागे, कारखान्यांच्या शेवटच्या भिंतीला लागून आहे. दिवसभर यंत्रांचा एवढा धडधडाट असतो की बंदुकीच्या आवाजाचं कुणाला काही वाटत नाही. पाच लेन, पन्नास मीटरवर मातीचा बंधारा, त्याच्यापुढे कागदी निशाण्या. मी पस्तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात फिटर होतो. रिटायर झालो तेव्हा क्लबचे अध्यक्ष भय्यासाहेब घरी आले आणि म्हणाले, "टिकाराम, हत्यार कळणारा माणूस पाहिजे आम्हाले. घरी बसून काय करता?" तेव्हापासून इथे आहे.

गेटवर माझी खुर्ची आणि टेबल. येणाऱ्याने रायफलीची पेटी टेबलावर ठेवायची, परवाना दाखवायचा, आणि माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तोंड आणून 'हा' करायचं. मग मी मान हलवली तर आत. लष्करातला साहेब असो की बँकेतला, ज्याला लाज वाटत असेल त्याने घरी बसावं. दारू तपासायचं मशीन घ्या म्हणून मी दोनदा लेखी दिलं होतं. भय्यासाहेब म्हणायचे, "तुमचं नाक असताना मशीन काहून पायजे?" सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण मला बरं वाटायचं. खोटं काहून बोलू? रम, व्हिस्की, मोहाची, कालची, आजची, सगळं मला सांगता यायचं. वेलची चघळत येणाऱ्याला तर मी आधी बाजूला काढायचो. नाकाने कांदे सोलतो म्हातारा, असं माझ्यामागे बोलत, ते मला ठाऊक होतं. बोलोत. मी तुसडा माणूस आहे आणि रेंजवर तुसडाच माणूस पाहिजे.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ही मी कलावतीला, म्हणजे माझ्या बायकोलाही कधी सांगितली नाही.

फायरिंग संपलं की मी शिटी मारतो. प्रत्येकाने रायफल उघडायची, आत गोळी नाही हे बघायचं, आणि लेनच्या नंबराने ओरडून सांगायचं. 'एक साफ.' 'दो साफ.' मी मागून जाऊन प्रत्येक रायफलीत स्वतः डोकावतो. सगळे नंबर आले की मी 'आगे' म्हणतो, आणि मगच लोक निशाण्या बघायला पुढे जातात. पाचवी लेन चार वर्षांपासून बंद आहे. साखळी लावलेली आहे. तरी 'चार साफ' झालं की मी थांबतो. लोकांना वाटतं, म्हातारा काळजी घेतो. मी थांबतो कारण पाचव्या लेनमधून आवाज येतो. "पाच साफ, काका."

बाकी सगळे हिंदीत ओरडतात. मराठीत 'पाच' म्हणणारा एकटा अश्विन होता.

पहिल्या वर्षी मी कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. दुसऱ्या वर्षी मला वाटलं की माझा समज आहे, म्हणून पाचची वाट न बघता 'आगे' म्हणून टाकलं. लोक पुढे गेले आणि माझ्या मानेमागे कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पाच साफ, काका." रागाने नाही. जसा तो म्हणायचा तसंच, थोडं हसत. त्या दिवशी मी घरी जाऊन अंगावर तीन घोंगड्या घेतल्या तरी कापत होतो. त्यानंतर मी त्याला सोडून कधी 'आगे' म्हटलं नाही.

अश्विन बँकेत अधिकारी होता, अकोल्याकडून बदलून आलेला. बायको एकता इथे कॉलेजात शिकवते, मुलगी अनुष्का तेव्हा नऊ वर्षांची. जबलपुरात आमच्यासारखी जुनी झालेली मराठी माणसं मराठी बोलताना निम्मी हिंदी बोलतात. हा पोरगा रेंजवर यायचा आणि माझ्याशी स्वच्छ मराठी बोलायचा, म्हणून मला त्याचा लोभ होता. एकही दिवस त्याने गेटवर तोंड वाकडं केलं नाही. उलट 'हा' करून विचारायचा, "काका, सकाळी काय खाल्लं सांगा." मी म्हणायचो, "मुळ्याची भाजी." बरोबर निघायचं.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याला तो गेला.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा असते. रायफली ओळीने मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ. सभासद बायकापोरांसह येतात, बागेत जेवण असतं, आणि जेवणाआधी हौस म्हणून प्रत्येकी पाच गोळ्यांची स्पर्धा. माझा दसरा वेगळा असतो. आम्ही बाबासाहेबांची माणसं. त्या दिवशी सकाळी मी आणि कलावती पांढरे कपडे घालून विहारात गेलो, वंदना केली, पंचशील घेतलं. दारूपासून दूर राहीन, हे त्यातलं पाचवं. मी आयुष्यात तशीही फार प्यालो नव्हतो, त्यामुळे ते म्हणताना मला कधी जड गेलं नव्हतं.

तिथून मी क्लबात आलो. ऑफिसात भय्यासाहेब आणि तीन जुने सभासद बसले होते. टेबलावर रमची बाटली होती. पूजेच्या दिवशी ते अशी बाटली फोडतात, हे मला माहीत होतं. दर वर्षी मला दारातच पेढा मिळायचा आणि मी गेटवर जायचो. त्या दिवशी भय्यासाहेब म्हणाले, "टिकाराम, आत या. बसा."

मी बसलो. दीक्षितपुऱ्यातलं त्यांचं घर म्हणजे सोवळ्याओवळ्याचं. त्यांच्या आईने माझ्या वडिलांना अंगणात पाणी दिलेलं मी लहानपणी पाहिलं आहे, वरून ओतून, ओंजळीत. त्याच भय्यासाहेबांनी बाटली उचलली, स्वतःसमोरचा ग्लास भरला आणि माझ्यापुढे सरकवला. स्वतःला दुसरा घेतला. "आज शस्त्रांची पूजा आहे," ते म्हणाले, "तुम्ही तर शस्त्रांचे डॉक्टर. तुमच्याशिवाय काहून?"

आज कुणी मला विचारलं की तेव्हा नाही म्हणता आलं नसतं का, तर काय सांगू? म्हणता आलं असतं. सकाळचं शील ओठांवर ओलं होतं. पण छातीत काहीतरी इतकं भरून आलं की मी तो ग्लास उचलला. एक ग्लास. मग त्यांनी अर्धा आणखी घातला, तोही. माझा बाप हे बघायला पाहिजे होता, असंच माझ्या मनात येत होतं.

तिथून मी उठलो आणि गेटवर जाऊन बसलो.

ज्याने स्वतः घेतली आहे त्याला दुसऱ्याच्या तोंडाचा वास येत नाही. हे कुठल्याही दारुड्याची बायको सांगेल. मला, जबलपुरातल्या सगळ्यात हुशार नाकाला, हे सुचलं नाही. एकेक जण आला, 'हा' केलं, मी मान हलवली. सराफ्यातल्या सोन्याच्या दुकानातला गंधार आला, डोळे थोडे लाल. मी मान हलवली. अश्विन आला, 'हा' करून म्हणाला, "काका, आज ओळखा पाहू." मला काही ओळखता आलं नाही. मी म्हणालो, "आज सणाचं सगळ्यांचं सारखंच," आणि तो हसत आत गेला.

गंधार चौथ्या लेनवर, अश्विन पाचव्या. पाच गोळ्या झाल्या, मी शिटी मारली. 'एक साफ' पासून 'पाच साफ, काका' पर्यंत सगळे आवाज आले. मी मागून फिरत रायफली पाहिल्या. पाहिल्या, असं मी पोलिसांना सांगितलं. चौथी पाहिल्याचं मला आजही आठवत नाही. डोकं हलकं होतं, ऊन छान होतं, बागेतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी 'आगे' म्हणालो. अश्विन पुढे निघाला. गंधारने पेटीत ठेवायला रायफल उचलली, आणि आत राहिलेली गोळी सुटली.

डाव्या बगलेखाली लागली. एवढीशी गोळी, भोकही एवढंसं. तो खाली बसला, मग आडवा झाला. मी धावत गेलो. कारखान्यात प्रथमोपचार शिकवला होता. श्वास थांबला तेव्हा मी त्याच्या तोंडावर तोंड ठेवून श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. किती वेळ ते सांगता येत नाही. बागेतून एकता धावत आली तेव्हा मी बाजूला झालो. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या गालावर गाल ठेवला. अँब्युलन्स आली तोवर काही उरलं नव्हतं.

पोलिसांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. गेटवर कुणाच्या तोंडाला दारूचा वास होता का? मी म्हणालो, नाही, कुणाच्याच नाही. शब्दशः खरं होतं ते. माझं नाक सगळ्या गावाला माहीत, भय्यासाहेबांनीही मान डोलावली. रायफलीत दोष, दुर्दैवी अपघात, असं ठरून फाइल बंद झाली. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी कलावतीने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बादलीभर पाणी काढून दिलं. त्यावर आमच्यात आजपर्यंत बोलणं झालेलं नाही.

महिन्याभराने गंधार आला. गेटवर उभा राहून रडला. "काका, मी गाडीत तीन पेग लावले होते. तुम्हाला वास आला होता, मला माहीत आहे. तुम्ही मला वाचवलंत." वाचवलं नव्हतं रे बाबा, मला आलाच नव्हता, असं सांगावं म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, का नाही आला? मी त्याला म्हणालो, "जा घरी." तो नंतर दुकान भावाकडे देऊन रायपूरला निघून गेला, असं ऐकलं.

मी मात्र कुठे गेलो नाही. तीच खुर्ची, तेच टेबल. राजीनामा द्यावा असं अनेकदा मनात आलं, पण राजीनाम्याला कारण लिहावं लागतं. आणि दुसरं म्हणजे, माझ्या जागी जो येईल त्याला पाचव्या लेनचा आवाज ऐकू येणार नाही, याची मला भीती वाटायची. कुणीतरी त्याचं ऐकायला हवं ना?

तर असा तो कागद माझ्यासमोर होता.

तनय वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. "काका, देखो," तो म्हणाला, "लोक पिऊन येतातच. गाडीत पितात, लपून पितात. बार आपला असला तर सिस्टिम असेल. आधी नेमबाजी, मग रायफल जमा, मनगटावर पट्टी, मग बार. एकदा बारमध्ये गेला की त्या दिवशी परत रेंजवर नाही. बाहेरच्या देशात कितीतरी क्लबांत असं चालून राहिलं आहे. आणि गेटवर तुम्ही आहातच."

"आणि मी नसलो तर?" मी विचारलं.

"तुम्ही कुठे जाणार?"

"मी बारमध्ये गेलो तर?"

तो मोठ्याने हसला. "काका, तुम्ही पण ना!"

सगळं तिथेच अडलं होतं. पट्टी नेमबाजाच्या मनगटाला. पट्टी बांधणाऱ्याच्या मनगटाला कोण बघणार? बार भिंतीपलीकडे असेल, मान्य. पण सण येईल, कुणी हात धरून बसवेल, कुणी आयुष्यात पहिल्यांदा मान देईल, आणि माणूस तिथून उठून बंदुकांच्या दारावर येऊन बसेल. हे मला तनयला सांगायचं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडल्याशिवाय हा मुद्दा सांगता येत नव्हता.

शुक्रवारी एकता गेटवर आली. अश्विन गेल्यावर सहानुभूती म्हणून तिला कमिटीत घेतलं होतं, आणि तिने ते मनापासून केलं. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या घरी फराळाचा डबा पाठवते. तो डबा कलावती उघडते, मी त्यातलं खात नाही.

"काका, तुम्ही सही करणार?" तिने विचारलं.

"तुझं काय म्हणणं आहे, बेटा?"

"तुम्ही कराल तर मी पण बाजूने मत देईन. तुमचं नाव आहे म्हणून." मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा पोलिसांना जे सांगितलं, ते उपकार मी विसरणार नाही. अश्विनचं नाव राहिलं तुमच्यामुळे."

मला ते नीट समजलं नाही. अश्विनचं नाव जाण्यासारखं त्यात काय होतं? पण उपकार हा शब्द ऐकूनच माझ्या अंगाची इतकी लाहीलाही झाली की पुढे मी विचारलं नाही. ती गेल्यावर मी कागद काढला आणि सही केली. हो, केली. टिकाराम मेश्राम, आणि खाली तारीख. माणूस किती घाबरट असू शकतो, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं. कागद खिशात घालून मी घरी गेलो. कलावती म्हणाली, "काहून जेवून नाही राहिले?" मी म्हणालो, पोट बरं नाही.

रविवारी सकाळी थंडी होती आणि ऊन स्वच्छ. मीटिंगच्या आधी चार जण सराव करत होते, चौथ्या लेनवर तनय. मागे खुर्च्यांवर भय्यासाहेब शाल घेऊन बसले होते, शेजारी एकता. सव्वादहाला मी शिटी मारली.

"एक साफ."

"दो साफ."

"तीन साफ."

"चार साफ," तनय ओरडला.

मी चारही रायफलींत डोकावलो. मागे येऊन उभा राहिलो आणि थांबलो.

काही आलं नाही.

मी आणखी थांबलो. भिंतीपलीकडचे कारखाने रविवार म्हणून बंद होते. पाचव्या लेनची साखळी, तिच्यामागे वाळलेलं गवत. चार वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. मी मनात म्हणालो, बोल ना रे. बोल. मी ऐकतोय. माझ्या वरच्या खिशात सही केलेला कागद होता आणि पाचवी लेन गप्प होती.

"काका, क्या हुआ?" तनयने वळून विचारलं. "आगे जाएं?"

"थांबा."

"सगळं साफ आहे, काका."

"पाचचं यायचंय अजून," मी म्हणालो.

हे मी मोठ्याने बोललो, ते सगळ्यांचे चेहरे बघून मला कळलं. तनयने साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भय्यासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "टिकाराम, तब्येत ठीक नाही का? बसा जरा."

पुन्हा तेच, बसा. मी त्यांना म्हणालो, "नाही बसत, भय्यासाहेब. एकदा बसलो होतो."

ते तिथेच थबकले. त्यांना समजलं होतं. तेवढ्या सगळ्यांत फक्त त्यांनाच समजलं.

"तनय, सगळ्यांच्या रायफली खाली ठेव. कुणी पुढे जायचं नाही." मी खिशातला कागद काढला. "यात लिहिलं आहे, दारूमुळे इथे एकही अपघात झाला नाही. मी खाली सही केली आहे. ती खोटी आहे. त्या दसऱ्याला गंधार तीन पेग घेऊन आला होता. मला वास आला नाही, कारण मी स्वतः पिऊन गेटवर बसलो होतो. दीड ग्लास रम. चौथ्या लेनची रायफल मी पाहिलीच नाही."

"एका पेगने काय होतंय, टिकाराम?" भय्यासाहेब हळूच म्हणाले. आवाजात जोर नव्हता. "मीच तर दिला होता."

"तुम्ही दिला. मी घेतला. माझ्या नाकाचं एकच काम होतं."

मग मी एकताकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती ओरडेल. थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती खुर्ची सोडून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती रागावलेली नव्हती, कसला तरी हिशोब जुळवत असल्यासारखी दिसत होती.

"रम," ती म्हणाली.

"हो, बेटा."

"आणि तुम्ही त्याला तोंडाने श्वास दिला."

"दिला."

ती माझ्याजवळ आली. इतक्या हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं. "काका, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या तोंडाला रमचा वास होता."

माझा हात आपोआप माझ्या तोंडावर गेला.

"त्या दसऱ्याच्या वर्षभर आधी त्याने दारू सोडली होती," ती म्हणाली. "अनुष्काच्या डोक्यावर हात ठेवून. मला वाटलं, त्याने शपथ मोडली. ऑफिसात बाटली फुटली होती, मला माहीत होतं. वाटलं, पिऊन चालला असेल, स्वतःच आडवा आला असेल. तुम्ही पोलिसांना वास नव्हता म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोललात. त्याचं नाव राहावं म्हणून. पोस्टमॉर्टेमचा कागद मी अजून उघडला नाही. त्यात ते लिहिलेलं बघायचं नव्हतं मला."

"तो प्याला नव्हता," मी म्हणालो. मला ते शपथेवर सांगता येत नव्हतं, कारण त्या दिवशी मला काहीच ओळखता आलं नव्हतं. तरी मी म्हणालो. "तो वास माझा होता, एकता. माझा."

"चार वर्षं मी त्याच्यावर रागावून आहे," ती म्हणाली. "चार वर्षं, काका."

तनयने माझ्या हातातला कागद घेतला, दुमडला, आणि खाली मान घालून म्हणाला की आजची मीटिंग नको. भय्यासाहेब शाल सावरत पुन्हा खुर्चीत बसले. एकाएकी फार म्हातारे दिसले. मी त्यांच्याकडे गेलो नाही. गेटची किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली.

एकता व्हरांड्यात जाऊन फोन लावत होती. दोनदा नंबर चुकला. मी जायला निघालो होतो, पण गेट तिच्या बाजूलाच होतं, त्यामुळे ऐकू आलं.

"अनु, ऐक. पप्पा त्या दिवशी प्याले नव्हते."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"नाही, नव्हते. मी चुकीचं सांगितलं तुला. मला चुकीचं वाटलं होतं. त्यांनी शपथ मोडली नाही, बेटा. कधीच नाही मोडली. ऐकतेस ना?"

मग त्या तेरा वर्षांच्या पोरीचा आवाज, बारीक पण स्पष्ट, मला गेटपर्यंत ऐकू आला.

"लेकिन मम्मी, मैंने तो उनकी सारी फोटो फाड़ दी थी."